तांब्याचा गोळा

"मॅडम, हे उत्तर खरंच कधी कोणाचं आलं काय?"

विचारून टाकलं बाप्पा एकदाचं! प्रयोगशाळेत अशी शांतता पसरली, की स्टोव्हवर उकळणारं पाणीसुद्धा जरा दबकून बुडबुडतंय असं वाटलं. माझ्या मागे प्राची तोंडात ओढणी कोंबून हसत होती. आभा छताकडे बघत होती, जणू ती या वर्गातलीच नाही. आणि पैज लावली होती या दोघींनीच.

"तुयात दम असंन तं विचारून दाखव," मधल्या सुट्टीत प्राची म्हणाली होती. "विचारलं तं आठवडाभर तुयी सायकल मी पुसीन."

"अन् नाही विचारलं तं?"

"तं तू मायी. अन् मायी सायकल तांड्यावरून येते, शेणाचा रस्ता हाय, पाह्य बरं!"

गेल्या वर्षापर्यंत मला हे जमलंच नसतं. हजेरीला 'उपस्थित' म्हटलेलंसुद्धा पहिल्या बाकापर्यंत पोचायचं नाही. पण पुसदच्या वक्तृत्व स्पर्धेत माझा पहिला नंबर आला आणि तेव्हापासून तोंड काही मिटायला तयार नाही. आई म्हणते, पोट्टीला बक्षिसात कप नाही, भोंगा मिळाला.

तर हे उत्तर म्हणजे तांब्याचा विशिष्ट उष्मा. प्रत्येक धातूची तापण्याची आपली एक रीत असते. एक ग्रॅम धातू एका अंशानं तापवायला जेवढी उष्णता लागते, तो त्याचा विशिष्ट उष्मा. शिसं लगेच तापतं, आमच्या प्राचीसारखं. ॲल्युमिनियमला वेळ लागतो. मोजायचं कसं, तर धातूचा गोळा उकळत्या पाण्यात टांगायचा, चांगला तापला की झटकन उचलून कॅलरीमापीतल्या थंड पाण्यात सोडायचा, ढवळायचं आणि पारा कुठपर्यंत चढला ते बघायचं. गोळ्यानं गमावलेली उष्णता ती पाण्यानं आणि भांड्यानं मिळवलेली. मग गणित.

पुस्तकात तांब्यासमोर ०.०९२ लिहिलेलं असतं. आमच्या शाळेत ते कधीच येत नाही. म्हणून आमच्याकडे निरीक्षणं आधी पेन्सिलीनं लिहायची पद्धत आहे. पेन्सिलीनं लिहायचं, गणित करायचं, उत्तर चुकलं की खोडायचं. मग खालून वर चढायचं. आधी ०.०९२ मांडायचं, त्यावरून पारा किती चढायला हवा होता ते काढायचं आणि तेवढाच चढला म्हणून पेननं लिहायचं. याला 'बसवणं' म्हणतात. दहावीची मुलं नववीच्यांना हे शिकवतात, नववीची आठवीच्यांना. आमच्या गावात किराणा दुकानदाराला विचारा, पिठाच्या गिरणीवाल्याला विचारा. शाळा सोडून जमाना झाला, पण तांबं म्हटलं की सगळे म्हणणार, झिरो नऊ दोन!

"येतं की," शीला मॅडम म्हणाल्या. "नीट केलं की येतं. गोळ्याला उकळतं पाणी चिकटून येतं ना, म्हणून उत्तर वाढतं."

"पण तुमचं आलं काय कधी?"

मॅडमनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. तेवढ्यात लखीराम शिपायानं घंटा दिली आणि माझा जीव वाचला. किंवा त्यांचा.

शीला मॅडम रोज पुसदहून एसटीनं येतात. बाबांच्या वेळेस त्या 'बाई' होत्या, आमच्या वेळेस 'मॅडम' झाल्या, एवढाच काय तो फरक. बाकी तोच अंबाडा, तीच खांद्याला पिशवी, आणि पिशवीत चष्म्याच्या डबीत रुमालानं गुंडाळलेला तापमापी. शाळेतले तापमापी लखीराम फोडतो म्हणून हा त्यांनी स्वतःचा ठेवलाय. स्टाफरूममध्ये चहा आला की त्याच तापमापीनं त्या चहा मोजतात, अशी आमच्यात अफवा आहे. त्यांचे मिस्टर यज्ञेश्वरकाका कोर्टात कारकून होते, मुलगा साकेत पुण्याला. सांगण्यासारखं एवढंच. फेब्रुवारी संपला की त्या निवृत्त होणार होत्या.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी मला व्हरांड्यात गाठलं.

"मोनाली, शाळा सुटल्यावर थांबशील? तुझ्या त्या दोन वकिलांनाही थांबव."

आम्हाला वाटलं, आता शिक्षा. पण मॅडमनी स्टोव्ह पेटवला. "रात्रभर झोप नाही बघ मला," त्या म्हणाल्या. "आठवत बसले, माझं कधी आलं होतं का. मीही बसवतच आले की ग. कॉलेजात नीट येत होतं. इथं आल्यापासून नाही."

त्यानंतरचे दिवस विचारू नका! मॅडमना एका जागी बसवेना आणि मला वर्गात. इतिहासाच्या तासाला माझे पाय बाकाखाली नुसते नाचत असायचे. चिकटलेल्या पाण्याचा संशय म्हणून आम्ही गोळा पाण्यात न टांगता कोरड्या नळीत ठेवला आणि नळी उकळत्या पाण्यात. थेंबसुद्धा लागला नाही. उत्तर आलं ०.११. मग भांड्यातून उष्णता निसटते की काय म्हणून कॅलरीमापी आणि त्याची लाकडी पेटी यांच्यामध्ये कापूस दाबून भरायचं ठरलं. कापसाची आमच्याकडे काय कमी! प्राचीनं तांड्यावरून पिशवीभर आणला.

"घ्या मॅडम, फुकट. याले बजारात कोणी कुत्रं विचारून नाही राह्यलं, इथं तरी कामाले यीन."

"अवं दाबून भर ना," आभा म्हणाली. "उशी करून राह्यली काय?"

"तुया लग्नाची करून राह्यली, चूप!"

दाबून भरला. उत्तर ०.११.

त्या वर्षी नापिकीची बातमी करायला आमच्या रस्त्यानं टीव्हीवाल्यांच्या गाड्या यायच्या. शेतात कापसाची पऱ्हाटी उभी दिसली की थांबायच्या, फोटो काढून धुरळा उडवत निघून जायच्या. त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना गावातले लोक त्यांना हवी तशी उत्तरं द्यायला शिकले होते. घरी बाबांचंही तसंच काहीतरी चाललं होतं. बाबा कृषी सहायक आहेत. पीक कापणीचा प्रयोग त्यांच्याकडे असतो. शेतात ठरवून दिलेला तुकडा आखायचा, त्यातला कापूस वेचायचा, ताणकाट्याला लटकवून तोलायचा आणि वर कळवायचं. गावाचं वर्ष चांगलं की वाईट, ते अशा आकड्यांवरून ठरतं. वाईट ठरलं तर सवलती मिळतात, आमची परीक्षा फीसुद्धा माफ होते. यंदा बोंडं भिजून गळाली होती. बाबांचा आकडा फार कमी आला आणि तो वाढवा म्हणून वरच्या साहेबांचे फोन सुरू झाले.

"नाही साहेब... मीच तोललं साहेब... हो, पाह्यतो पुन्हा." फोन ठेवून बाबा अंगणात फेऱ्या मारायचे. आई म्हणायची, "बसा ना जरा. पायाले भोवरा हाय काय?" बाबा बसायचे आणि लगेच उठायचे. मी माझ्या गोळ्याच्या नादात होते, मला ते सगळं नुसतं ऐकू येत होतं.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मला एक कल्पना सुचली. खरं तर सुचली नाही, चिडून तोंडातून निघाली. "मॅडम, आपलीच पद्धत चुकत असंन तं दुसरे धातूबी चुकाले पाह्यजे."

मॅडमनी लगेच कपाट उघडलं. मग आम्ही शिसं घेतलं. ०.०३. पुस्तकात तेच! ॲल्युमिनियम घेतलं. ०.२१. तेही बरोबर! प्राचीनं टेबलावर ताल धरला. आभा म्हणाली, "मंग तांबंच कसं काय बेइमान?"

 तापमापी रुमालात गुंडाळून मॅडम खुर्चीवर बसल्या. मी सामान आवरायला घेतलं. लखीरामच्या ड्रॉवरमध्ये सगळं एकत्रच असतं, भिंगं, वायर, चुंबक, खडू. फक्त तांब्याचा गोळा कपाटात वेगळ्या डबीत असतो, पण घाईत मी तोही आत ठेवला आणि...

टक्.

गोळा घरंगळत जाऊन पट्टीचुंबकाला चिकटला.

मी तो उपटून काढला. पुन्हा सोडला. टक्.

"मॅडम," मी म्हणाले, आणि पहिल्यांदाच माझा भोंगा बंद पडला. मी नुसतं चुंबक वर उचललं. खाली गोळा लटकत होता, लालबुंद, चकचकीत. दरवर्षी परीक्षेच्या आधी लखीराम त्याला चिंच लावून घासायचा, म्हणून तर तो इतका देखणा दिसायचा.

मॅडम उठल्या. अंबाड्यातला आकडा काढून त्यांनी गोळ्याच्या तळावर जोरात ओरखडा काढला. खाली राखाडी निघालं. त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. आम्हीही पाहिलं. लोखंड, ०.११.

"अय्या!" प्राची ओरडली. "तांब्याचं नुसतं पाणी चढवेल हाय! मॅडम, आपलं बरोबर येऊन राह्यलं होतं! सगळ्यायचं बरोबर येऊन राह्यलं होतं!" आणि तिनं माझे दोन्ही हात धरून मला गरगर फिरवलं. मीही फिरले. असं वाटत होतं, आत्ता धावत जाऊन रस्त्यावरची एखादी टीव्हीवाल्यांची गाडी अडवावी.

थांबलो तेव्हा मॅडम खिडकीपाशी उभ्या होत्या. हातात गोळा होता आणि अंबाडा सुटून पाठीवर आला होता. तो तसा कधी कोणी पाहिला नसेल.

"हो," त्या म्हणाल्या. "सगळ्यांचं बरोबर येत होतं."

सोमवारी मॅडमनी मुख्याध्यापकांना सांगितलं. आम्ही दाराबाहेर कान लावून उभ्या होतो. शंकरसिंग सरांनी गोळा हातात घेतला, चुंबकाला लावला, काढला, पुन्हा लावला, आणि त्यांना ते आवडलं असावं, कारण टक् टक् बराच वेळ ऐकू येत होतं.

"गंमतच आहे," सर म्हणाले. "पण मॅडम, साठा नोंदीत हा तांब्याचा आहे. म्हणजे तांब्याचाच आहे."

"सर, लोखंड आहे हे."

"असेल ना. मी कुठं नाही म्हणतो? पण बुधवारी प्रात्यक्षिक. बाहेरचे परीक्षक येणार, कोणाला कोणता प्रयोग ते ठरलंय. आता वस्तू बदलली तर ते विचारतील, काहून बदलली? मग विचारतील, याच्या आधीच्या पोरांचे मार्क कसे दिले? तुमच्या निरोप समारंभाचा हार मी सांगून ठेवलाय मॅडम. कायले वाढवता? पोरींना म्हणा, झिरो नऊ दोन लिहा अन् मोकळ्या व्हा. आपण नाही का लिहिलं?"

मॅडम बाहेर आल्या. आम्हाला बघून रागावल्यासुद्धा नाहीत.

त्याच दुपारी फळ्यावर यादी लागली. प्राचीला भिंग, आभाला चुंबकीय सुई, आणि माझ्या नंबरासमोर 'तांब्याचा विशिष्ट उष्मा'. प्राचीनं यादी दोनदा वाचली. "तुले तं देवानंच पकडलं वं," ती म्हणाली. तिच्या आवाजात एरवीची टिंगल नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी मी एसटीच्या थांब्यावर गेले. मॅडम लिंबाच्या पारावर बसल्या होत्या. पुसदची गाडी अजून यायची होती.

"मॅडम, मी उद्या काय लिहू?"

त्यांनी मला शेजारी बसवलं. पिशवी मांडीवर घेतली. "हा गोळा मी आणलेला आहे, माहीत आहे तुला?"

"तुमी?"

"इथं रुजू झाले तेव्हा प्रयोगशाळा कुठली? एक खोली, त्यात पोत्यांची थप्पी. मी म्हटलं, मला सामान द्या नाहीतर मी शिकवत नाही. तुझ्याएवढीच ताठ होते. मग पैसे मिळाले, नागपूरला गेले, दुकानातून खोकं घेतलं. गाडीत काच फुटेल म्हणून टपावर टाकू दिलं नाही. पुसदपर्यंत मांडीवर धरून आणलं. माणसं विचारायची, बाई, यात काय, देव आहेत का?" त्या हसल्या. "घरी यांना एकेक वस्तू काढून दाखवली. गोळा बघून हे म्हणाले, छान आहे, याची लोटी होईल."

समोरून एक बैलगाडी गेली. 

"मी कशी ग एकदाही दुसऱ्या धातूंशी ताडून पाहिलं नाही? वेळ नव्हता असं नाही. पोरांचं चुकतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. मग कशाला बघायचं? किती पोरं आली बघ. कोणी म्हणायचं, बाई, माझं अकराच येतं. मी म्हणायची, पुन्हा कर. पुन्हा अकरा. पुन्हा कर. तिसऱ्यांदा ते पोरगं माझ्या तोंडाकडे बघायचं, आणि मग त्याचं बरोबर नऊ दोन यायचं. मी पाठ थोपटायची."

 मी म्हणाले, "पण मॅडम, तुमी विचारलं ना आता. बाकीच्यायनं तं विचारलंबी नाही."

"विचारलं तू."

"थे तं पैज होती!"

त्या मोठ्यानं हसल्या. डोळ्यांत पाणी आलं, तेही पुसलं नाही. गाडीचा आवाज आला तशा उठल्या.

"मॅडम, सांगा ना, काय लिहू? बाहेरचे सर कापतीन मार्क. मले अकरावीले पुसदच्या कॉलेजात सायन्स पाह्यजे."

"कापतील," त्या म्हणाल्या. "माझ्या हातात अर्धेच मार्क आहेत. पण काय लिहायचं ते मी सांगणार नाही मोनाली. आजपर्यंत सांगितलं तेवढं पुरे झालं."

गाडीत चढल्यावर त्यांनी खिडकीतून हात केला. मांडीवर पिशवी दोन्ही हातांनी धरून बसल्या होत्या.

घरी आले तेव्हा आई तुरीची डाळ निवडत होती आणि बाबा टेबलाशी बसून ताणकाटा पुसत होते. उद्या पुन्हा तोलून नवा आकडा पाठवा, असा साहेबांचा निरोप आला होता.

"आज थोबाड काहून उतरलं भोंग्याचं?" आईनं विचारलं. "उद्या कोणता प्रयोग हाय?"

"तांब्याचा."

"झिरो नऊ दोन!" बाबा मान वर न करता म्हणाले, आणि त्या दिवसातलं पहिलं हसू त्यांच्या तोंडावर आलं.

मग मी सगळं सांगितलं. कापूस, शिसं, चुंबक, टक्, साठा नोंद, पार. सांगताना उभी राहिले, फेऱ्या मारल्या, हातवारे केले. आईची डाळ निवडायची राहिली. बाबांच्या हातातलं फडकं थांबलं.

"मायंबी अकराच आलतं," बाबा म्हणाले.

"खरंच? मंग मॅडमनं खोडाले लावलं?"

"नाही वं. बाई मले काहीच म्हणल्या नाही. दुसऱ्या टेबलावर होत्या, एकाले पुन्हा कर म्हणून राह्यल्या होत्या. थ्या मायाजवळ याच्या आधीच म्या खोडलं." बाबांनी ताणकाट्याचा आकडा बोटानं उगाच वर-खाली केला. "तवापासून सवयच लागली."

आई एकदा बाबांकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. "मोना, पाह्य बरं," ती हळूच म्हणाली. "दोन-चार मार्कासाठी कॉलेज हुकलं तं इथं कुठी हाय सायन्स? मंग बसशीन मायासारखी डाळ निवडत. एक आकडा तं लिहायचा हाय. सगळेच लिहितेत."

आईचं खोटं नव्हतं.  मी दप्तरातून कंपास काढला. उद्याची तयारी, दोन पेनं, पट्टी, टोक केलेली पेन्सिल. आणि खोडरबर, पांढरा, कोपरे झिजून गोल झालेला. तो मी उचलला आणि टेबलावर बाबांच्या ताणकाट्याशेजारी ठेवला.

"आई, बाबा, मी उद्या जे येईन थेच लिहीन," मी म्हणाले. "अन् पयल्यापासून पेननं."